सुटणारे सांधे

जुनी इमारत उतरवून दुसऱ्या जागी पुन्हा उभी करता येईल की नाही, हे तिच्या वयापेक्षा तिचे भाग एकमेकांना कशाने धरून आहेत यावर ठरते.

विटांची भिंत घ्या. विटांमधल्या फटींमध्ये, म्हणजे दर्जांमध्ये, भरलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून वर्षानुवर्षे हळूहळू घट्ट होतो, तरीही तो सहसा विटेपेक्षा मऊच राहतो. छिन्नीचा बेताचा ठोका बसला की चुना सुटतो आणि वीट अखंड हातात येते. तिला चिकटलेला उरलासुरला चुना खरवडून काढता येतो. सिमेंटच्या भिंतीत नेमके उलटे घडते. तिथला मसाला बहुधा विटेहून बळकट असल्यामुळे घाव घालताच आधी वीटच फुटते. म्हणून नव्या जागी भिंत रचतानाही गवंड्याने चुनाच वापरावा, नाहीतर हीच वीट पुढच्या वेळी वाचणार नाही.

लाकडी सांगाड्याची गोष्ट अधिक रंजक आहे. उत्तर युरोपातील जुन्या घरांमध्ये तुळईच्या टोकाला काढलेले कुसू, म्हणजे पुढे आलेली अरुंद जीभ, खांबाच्या खाचेत बसवून त्यातून आरपार लाकडी खुंटी ठोकलेली असते. अनेकदा सुतार कुसवातले भोक खांबातल्या भोकाच्या अगदी समोर न पाडता किंचित आत सरकवून पाडत असे, त्यामुळे खुंटी आत शिरताना जराशी वाकते आणि सांधा करकचून आवळला जातो. ही खुंटी ठोकून किंवा कोरून काढली की सांधा मोकळा होतो. मात्र ओक झाडाच्या ओल्या लाकडाचा हा सांगाडा उभा राहिल्यावर जागेवरच वाळलेला असतो आणि वाळताना त्यातला प्रत्येक तुकडा आपापल्या परीने पिळवटलेला असतो, म्हणून शे-दोनशे वर्षांनंतर कुठलेही कुसू फक्त स्वतःच्याच खाचेत नीट बसते. कोणता तुकडा कुठला हे सांगणाऱ्या खुणांना महत्त्व येते ते यासाठी. बऱ्याच घरांत मूळ सुतारांनीच रोमन धाटणीचे आकडे कोरून ठेवलेले सापडतात, कारण सरळ रेघ पटाशीच्या एका ठोक्यात उमटते, गोलाई उमटत नाही. (चारचा आकडा ते बहुधा चार उभ्या रेघांनी लिहीत, तुकडा उलटा धरला तरी चार आणि सहा यांचा घोळ होत नसे.)

नॉर्वेतील व्हांग गावचे लाकडी चर्च १८४१ मध्ये प्रशियाच्या राजासाठी विकत घेतले गेले आणि सुटे करून आजच्या पोलंडमधील कार्पाच येथे १८४४ पर्यंत पुन्हा उभे राहिले. अर्थात, त्यात सगळेच लाकूड मूळचे नाही. खराब झालेले भाग नव्याने घडवावे लागले.

लंडनमधील १८३१ चा दगडी पूल १९६८ मध्ये विकला गेला आणि १९७१ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोनात पुन्हा खुला झाला. तिथे मात्र भार पेलणारा गाभा नव्या काँक्रीटचा असून क्रमांक घातलेले जुने दगड त्यावर बाहेरून बसवले आहेत. माझ्या मते पूल नव्हे, त्याची कातडी स्थलांतरित झाली.

इजिप्तमधील अबू सिंबेलच्या मंदिरांना तर सोडवण्यासाठी सांधेच नव्हते, कारण ती डोंगरातच कोरलेली होती. नाईलवरच्या धरणाचे पाणी चढू लागल्यावर १९६४ ते १९६८ या काळात त्यांचे हजाराहून अधिक अवजड तुकडे कापून सुमारे ६५ मीटर उंचावर पुन्हा जुळवण्यात आले. सांधे नव्हते, म्हणून ते करवतीने पाडावे लागले. आणि दर्शनी भागावरची फट काही मिलिमीटरांहून रुंद होऊ नये, यासाठी तिथे यंत्रे बाजूला ठेवून हातकरवती चालवल्या गेल्या.