अटलांटिक ओलांडताना बोट किती पळवायची?

कॅनरी बेटांवरचं लास पाल्मास ते कॅरिबियनमधलं सेंट लुशिया हे शिडाच्या बोटीने कापायचं अंतर सुमारे २,७०० सागरी मैल. सरासरी ६ नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वेगाने पावणेएकोणीस दिवस लागतात, साडेसहाने सव्वासतरा. म्हणजे अर्ध्या नॉटने वाचतो तो दीड दिवस. त्यासाठी काय मोजावं लागतं, हे निघण्याआधी ठाऊक असलेलं बरं.

आमच्या ४० फुटी बोटीची पाण्यावरची लांबी ३६ फूट आहे. अशी बोट ८ नॉटच्या आसपास स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. त्यापुढे शिडं वाढवली तरी वेग फारसा वाढत नाही, सुकाणूवरचा ताण मात्र वाढतो. ऑटोपायलट सतत झगडतो आणि बॅटऱ्या उतरतात. म्हणून आम्ही ६ ते साडेसहावर समाधानी असतो.

आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या केप व्हर्दी बेटांच्या दिशेने दक्षिणेला उतरून पश्चिमेला वळलं की ईशान्येचे व्यापारी वारे पाठीशी येतात. पाठीमागचा वारा फसवतो. वारा २० नॉट आणि बोट ७ नॉट असेल, तर अंगाला फक्त १३ नॉट जाणवतो. सगळं छान चाललंय असं वाटतं. पण लाटेने बोट आडवी फिरवली की तोच वारा २१ नॉटचा होऊन शिडावर आदळतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे हा दाब आधीच्या अडीच पटींहून जास्त असतो. तेव्हा अंगाला लागणाऱ्या वाऱ्यावर जाऊ नका, खरा वारा बघा. तो १८ नॉट झाला की शीड आखूड करायचं, म्हणजे पहिला रीफ, २४ला दुसरा.

दुसरा त्रास डुलण्याचा. वारा थेट पाठीवर घेतला तर अंतर सर्वांत कमी, पण बोट दोन्ही बाजूंना लोळत राहते. स्वयंपाक नाही, झोप नाही. २० अंश बाजूला वळलं तर अंतर ६ टक्के वाढतं आणि ते वाढलेल्या वेगातून बरंचसं भरून निघतं. ३० अंशांवर १५ टक्के वाढतं. ते सहसा भरून निघत नाही.

संध्याकाळी जेवणाआधी आम्ही मोठ्या शिडाला एक रीफ घेतो, वारा कमी असला तरी. निम्मी वाट सरल्यावर रात्री पावसाचे झपाटे येतात आणि वारा काही मिनिटांत ३० नॉटवर जातो. मागून वारा असताना शीड डोलकाठीच्या तारांवर दाबून बसतं, ओढून खाली येत नाही. आधी बोट वाऱ्याकडे वळवावी लागते, मग हॅलियार्ड, म्हणजे शीड वर चढवणारा दोर, सैल करून शीड उतरवायचं. हे काम अंधारात, झोपेतून उठून करण्याचं नाही. बूमच्या (मोठ्या शिडाखालच्या आडव्या दांड्याच्या) टोकापासून नाळेवरून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरून, कॉकपिटपर्यंत (सुकाणूजवळच्या बसण्याच्या जागेपर्यंत) आणलेला प्रिव्हेंटर, म्हणजे बूम अचानक दुसऱ्या बाजूला फिरू न देणारा दोरही उजेडातच तपासायचा. पुढच्या शिडाचा दोर पोलच्या, म्हणजे ते शीड बाहेर ताणून धरणाऱ्या दांड्याच्या, टोकाला घासतो. तो रोज सकाळी वीतभर सरकवायचा, नाहीतर आठवड्याभरात तुटू शकतो.

पहाऱ्याला जोडी असते: ३ तास काम, ६ तास विश्रांती. पुढची केबिन वेगात उसळते, म्हणून झोप मधल्या बाकांवर, कापडी आडोसा बांधून. पहिले दोन-तीन दिवस आम्ही मुद्दाम ५ नॉटवर राहतो, कारण बोट लागण्याचा काळ तोच असतो. गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याच्या आदल्या रात्रीच सुरू करा.

बोटीच्या हालचालीमुळे सलग दोन पाळ्या झोप झाली नाही, तर स्किपरला, म्हणजे बोटीच्या कप्तानाला, सांगा. दिशा १० अंश बदलायची की शीड कमी करायचं, हे ते लाटा बघून ठरवतील.