अलॉटमेंट घेतले जाते, कम्युनिटी गार्डन घेता येत नाही

इंग्लंडमधल्या मराठी मंडळींच्या गप्पांत “आम्ही यंदा कम्युनिटी गार्डन घेतलं” हे वाक्य कानावर आले की मला गप्प बसवत नाही. कम्युनिटी गार्डन कोणी घेत नसते. घेतले जाते ते अलॉटमेंट, म्हणजे घरापुरती भाजी-फळे पिकवण्यासाठी भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा. कम्युनिटी गार्डनमध्ये माणूस जातो, हाती खुरपे घेतो, सांगितलेले काम करतो आणि घरी येतो. हा काही निव्वळ शब्दांचा कीस नाही. आमच्या गावच्या अलॉटमेंट संघटनेचे चिटणीसपद मी गेली नऊ वर्षे सांभाळत आहे आणि आमच्या जागेत हे दोन्ही प्रकार एकाच फाटकाच्या आत, एकाच टाकीच्या पाण्यावर नांदतात: भाड्याने दिलेले बेचाळीस प्लॉट आणि स्वयंसेवकांनी चालवलेला एक सामाईक प्लॉट. या काळात समितीपुढे जी भांडणे आली त्यांतली निम्मी तरी पाण्यावरून किंवा तणावरून नव्हे, तर या दोहोंच्या गल्लतीवरून झालेली होती.

अलॉटमेंट म्हणजे काय हे इकडे राहणाऱ्याला नव्याने सांगायला नको, म्हणून थोडक्यात आटोपतो. मागणी असेल तेथे अशी जमीन पुरवण्याचे कर्तव्य १९०८ च्या कायद्याने स्थानिक कौन्सिलांवर टाकले. कौन्सिलने खास या कामासाठी घेतलेली जमीन मंत्र्यांच्या संमतीवाचून विकता येऊ नये, अशी तरतूद १९२५ च्या कायद्याने केली. आणि १९५० च्या कायद्याने भाडेकरूला कोंबड्या व ससे पाळण्याची मुभा दिली. पूर्ण प्लॉट परंपरेने दहा रॉडचा धरतात. नव्या माणसाला हे माप कोड्यासारखे वाटते, पण आपल्याला ते फार सोपे आहे: एका एकरात असे एकशे साठ चौरस रॉड बसतात आणि गुंठे बसतात चाळीस, म्हणजे चार रॉडांचा एक गुंठा आणि पूर्ण प्लॉट बरोबर अडीच गुंठ्यांचा, साधारण २५० चौरस मीटर. मागणी फार वाढल्यामुळे हल्ली पुष्कळ ठिकाणी नव्या माणसाला त्याचा अर्धाच, म्हणजे सव्वा गुंठा देतात, आणि पहिल्या वर्षी तोही झेपत नाही.

कम्युनिटी गार्डनसाठी असा खास कायदा नाही. एखादी संस्था किंवा समिती जागामालकाकडून भाडेपट्ट्याने किंवा नुसत्या परवान्याने जमीन मिळवते आणि तेथे सर्वांनी मिळून पिकवायचे असते. जमिनीवर हक्क असलाच तर तो संस्थेचा असतो. येणाऱ्याजाणाऱ्या माणसाचा नसतो. गोंधळाचे एक मूळ मात्र खरोखरच शब्दात आहे. अमेरिकेत ‘कम्युनिटी गार्डन’ या नावाखाली बहुधा वैयक्तिक वाफे असलेली बागच अभिप्रेत असते. न्यूयॉर्कमध्ये १९७३ साली लिझ ख्रिस्टी आणि त्यांच्या सोबत्यांनी बावरी व ह्यूस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावरच्या उकिरड्याची बाग केली, १९७८ मध्ये तेथील महापालिकेने अशा बागांसाठी ‘ग्रीनथंब’ ही योजना सुरू केली, आणि या चळवळीतून पसरलेली भाषा व्हिडिओंमधून आपल्या घरांत पोहोचली. ते व्हिडिओ पाहून कोणी इंग्लंडमधल्या कम्युनिटी गार्डनच्या दारात “माझा वाफा कोणता?” असे विचारले, तर दोष त्याचा नाही. तो पुढच्या वर्षीही तेच विचारत असेल, तर आहे.

आता मुख्य मुद्दा. लोक समजतात की दोहोंतला फरक जागेच्या आकाराचा किंवा पैशांचा आहे: एकीकडे भाडे, दुसरीकडे थोडी वर्गणी, बाकी माती तीच. खरा फरक असा की अलॉटमेंटमध्ये माणसाला जमिनीचा ताबा मिळतो आणि सामाईक प्लॉटवर त्याला कामात सहभाग मिळतो. पिकावरचा हक्क, गैरहजेरीचा अर्थ, काढून टाकण्याची रीत या सगळ्या गोष्टी त्या एका भेदातून निघतात. आपल्याकडे शेत खंडाने घेणारा जसा ठरलेला खंड भरतो आणि मग पीक बुडो की तरारो, जे येईल ते त्याचे असते, तसा अलॉटमेंटचा भाडेकरू. सामाईक प्लॉटवरचा स्वयंसेवक हा मात्र गावच्या भंडाऱ्यात पंगतीला वाढणाऱ्या माणसासारखा आहे. तोही शेवटी पानावर बसतो आणि पोटभर जेवतो, पण ते जेवण त्याच्या वाढण्याची मजुरी नसते आणि वाढले म्हणून पातेले घरी नेण्याचा अधिकार त्याला येत नाही.

आमच्याकडे घडलेला प्रसंग सांगतो. ऑगस्टमधला रविवार होता. सामाईक प्लॉटवर चार हात लांबीच्या दोन गादीवाफ्यांत मेथी आणि कोथिंबीर पेरलेली होती आणि दुपारी ती सर्वांना वाटायची असे ठरले होते. सकाळी दहाला स्वयंसेवक आले तेव्हा मेथीचा एक वाफा मुळासकट उपटलेला, ओल्या मातीत चपलांचे ठसे आणि कडेला तुटलेली दोन रबरबँडे. चौकशी करावी लागली नाही, कारण शेजारच्याच प्लॉटवर एक काकू जुड्या बांधत बसल्या होत्या. “अहो, आपलीच बाग ना? वर्षाचं भाडं भरतो आम्ही. चार जुड्या घेतल्या तर काय बिघडलं?” काकूंच्या मनात चोरीचा लवलेशही नव्हता, आणि म्हणूनच हा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो. त्यांनी भाडे भरले होते ते त्यांच्या सव्वा गुंठ्याचे. त्या भाड्याने फाटकाची किल्ली मिळते, टाकीचे पाणी मिळते, परंतु कुंपणाच्या आतल्या प्रत्येक रोपात हिस्सा मिळत नाही.

उलट दिशेची चूक अधिक अवघड असते, कारण तिच्यामागे कष्ट असतात. सामाईक प्लॉटच्या उत्तरेकडची रासबेरीची रांग एका गृहस्थांनी तीन वर्षे एकहाती सांभाळली: फळून गेलेल्या फांद्यांची छाटणी, तारा ताणणे, खत, पाखरांसाठी जाळी, सगळे त्यांनीच केले. चौथ्या वर्षी ते त्या रांगेला ‘माझी’ म्हणू लागले, पाचव्या वर्षी इतरांनी फळे तोडलेली त्यांना खपेनात, आणि अखेर त्यांनी समितीला लिहिले की ती रांग आपल्या नावावर करावी. त्यांच्या श्रमांबद्दल मला आदर होता आणि आहे. तरीही मी नकार दिला. श्रम कितीही केले तरी त्यातून ताबा उत्पन्न होत नाही, हे मान्य नसेल तर सामाईक प्लॉट पाच वर्षांत सात जणांच्या खासगी वाफ्यांत वाटला जाईल, आणि तोही वेटिंग लिस्टवर वर्षानुवर्षे थांबलेल्यांच्या नाकावर टिच्चून. कसेल त्याची जमीन हे तत्त्व आपल्या रक्तात आहे. मुंबई कूळकायद्याखाली १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कूळ जमिनीचे मालक झाले, हे आपल्यापैकी अनेकांच्या घरचे आहे. भारतातून आलेल्या माझ्या मेहुण्यांनीही विचारले होते, “इतकी वर्षं कसता, नावावर नाही होत?” नाही होत. भाडेकरूच्या नावावर होत नाही, तर स्वयंसेवकाच्या नावावर कोठून होणार?

खंडाची उपमा एका जागी लंगडी पडते, आणि नेमके तेथेच भाडेकरू ठेचकाळतात. खंड वेळेवर मिळाला की शेतमालक सहसा वाट वाकडी करून शेत पाहायला येत नाही. अलॉटमेंटमध्ये भाडे भरून प्लॉट पडीक ठेवता येत नाही. १९२२ च्या कायद्यातील व्याख्याच अशी आहे की, अलॉटमेंट गार्डन म्हणजे चाळीस रॉडांहून, म्हणजे आपल्या दहा गुंठ्यांहून, मोठी नसलेली आणि कसणाऱ्याने स्वतःच्या व कुटुंबाच्या खाण्यासाठी भाजीपाला किंवा फळे पिकवण्यास पूर्णतः अथवा मुख्यतः वापरलेली जमीन. त्यातला ‘कसणारा’ हा शब्द शोभेपुरता नाही. आमचे वार्षिक भाडे चौघांच्या एका हॉटेलातल्या जेवणापेक्षा कमी आहे. खरे भाडे आठवड्याला पाच-सहा तासांच्या खुरपणीत भरावे लागते. मे-जूनमध्ये सहा आठवडे भारतात जाणारे आमचे कितीतरी मराठी सभासद परत येतात तेव्हा कमरेइतके गवत आणि फाटकावर लावलेली ताकीद त्यांची वाट पाहत असते, आणि “भाडं तर भरलंय” हे त्यांचे पहिले वाक्य असते. जाण्याआधी चिटणीसाला दोन ओळी लिहाव्यात आणि शेजारच्या प्लॉटवाल्याला पालक-मेथी काढून नेण्याची मोकळीक देऊन त्याच्याकडून पाणी घालून घ्यावे, इतके सोपे उत्तर आहे. स्वयंसेवकावर असे बंधन नाही. तो सहा आठवडे आला नाही तर त्याचे काहीच जात नाही. जाते ते प्लॉटचे, आणि म्हणून तेथे कामाची पाळी लावणारा एक चिवट माणूस लागतो.

काढून टाकण्याचेही तसेच. १९०८ च्या कायद्याप्रमाणे भाडे चाळीस दिवस थकले, किंवा भाडेकरार सुरू होऊन तीन महिने उलटल्यावर नियमभंग दिसला, तर कौन्सिल एक महिन्याची नोटीस देऊ शकते. भाडेकरूचा काही दोष नसताना जागा परत हवी असेल तर एरवी बारा महिन्यांची नोटीस लागते, आणि तिची मुदत ६ एप्रिलला किंवा त्याआधी, अथवा २९ सप्टेंबरला किंवा त्यानंतर संपली पाहिजे. या तारखांमागचे शहाणपण मला फार आवडते: उभ्या पिकावरून माणसाला उठवायचे नाही. स्वयंसेवकाला नोटीस नसते, कारण काढून घेण्यासारखे त्याच्याकडे काही दिलेलेच नसते. त्याला “पुढच्या रविवारपासून येऊ नका” असे सांगता येते, तोही उद्यापासून न येण्यास मोकळा असतो, आणि दोघांनाही ते आधीच ठाऊक असले की कटुता पुष्कळ कमी होते.

एका शब्दावर माझा विशेष राग आहे. आमच्या भाडेकरारात प्रत्येक भाडेकरूने वर्षातून तीन सकाळी सामाईक कामाला यावे अशी अट आहे: कुंपणाची छाटणी, वाटांवर लाकडाचा भुसा पसरणे, टाकी धुणे. या दिवसांना कोणीतरी ‘व्हॉलंटियर डे’ असे नाव पाडले आणि मराठी मंडळींनी त्याचे ‘श्रमदान’ केले. जे न केल्यास ताकीद येते ते दान कसे? ती अट आहे, भाड्याचाच एक भाग आहे, आणि तिला सरळ ‘कामाचा दिवस’ म्हणावे. दानाचे नाव दिल्यामुळे दोन अपाय होतात. ज्याच्यावर सक्ती आहे तो आपण उपकार केल्यासारखा वागतो, आणि जो खरोखर स्वखुशीने दर रविवारी येतो त्याच्या कामाची किंमत उतरते. मी आता दोन वह्या ठेवतो, एक भाडेकरूंची आणि एक स्वयंसेवकांची, आणि ज्याचे नाव दोन्हींत आहे त्याला विचारतो की आज कोणत्या नात्याने आलात. लोक हसतात. हसू देत.

वेटिंग लिस्टबाबत माझे मत बहुतेकांना कठोर वाटते. सामाईक प्लॉटवर वर्षभर राबणाऱ्याला यादीत वर सरकवावे, अशी सूचना दर वार्षिक सभेत येते आणि दर वर्षी मी तिला विरोध करतो. तसे झाले की स्वयंसेवा ही प्लॉट मिळवण्याची उमेदवारी ठरेल, आणि प्लॉट मिळाला त्या रविवारपासून तो माणूस सामाईक वाफ्यावर दिसणार नाही. शिवाय ज्याला नोकरीमुळे रविवारी येता येत नाही, त्याने निव्वळ तारखेच्या हक्काने मिळालेला क्रमांक का गमवावा?

बाकीचे फरक किरकोळ आहेत. शेड भाडेकरू स्वतःची बांधतो, सामाईक प्लॉटला एकच असते, अवजारांचे तसेच, विम्याचे काय ते संघटनेच्या कागदात पाहून घ्यावे, कारण भाडेकरूंसाठी काढलेला विमा स्वयंसेवकांना आपोआप लागू होईलच असे नाही. विक्रीचा प्रश्न फार विचारला जातो: अलॉटमेंट धंद्यासाठी नाही, पण घरापुरते काढून उरलेले बटाटे संघटनेच्या टेबलावर ठेवण्यास आमच्याकडे कोणी हरकत घेत नाही.

सामाईक प्लॉटवरची वाटणी आता ठरलेली आहे. दुपारी साडेबाराला दोन पिंपांवर आडव्या टाकलेल्या जुन्या दारावर सगळी काढणी मांडतात, त्या दिवशी आलेले लोक आपापल्या घरापुरते उचलतात, मग दहा मिनिटे आलेला असो की तीन तास राबलेला, आणि उरलेले फूड बँकेत जाते. काकूही हल्ली कधीमधी डबा घेऊन येतात, तासभर निंदणी करतात आणि एक जुडी नेतात. गेल्या सप्टेंबरात त्यांच्या प्लॉटवरचा एक लाल भोपळा कोणीतरी नेला, तेव्हा मात्र त्यांनी तारीख, वार, अंदाजे वजन आणि देठाची लांबी लिहून रीतसर तक्रार दिली. ती मी भाडेकरूंच्या वहीत नोंदवली.