अर्थची तार लोखंडी नळीत एकटी शिरते तेव्हा

पॅनेलचं दार उघडलं की नजर आधी ब्रेकरकडे जाते. खाली कोपऱ्यात अर्थच्या पट्टीवर लग (टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी) लावून कसलेली एक तांब्याची तार असते, तिचं दुसरं टोक जमिनीत पुरलेल्या धातूच्या सळईला किंवा पट्टीला, म्हणजे इलेक्ट्रोडला. एरवी तिच्यातून फारसा प्रवाह वाहत नाही, म्हणून तिची चौकशीही कुणी करत नाही. तिला मार बसू नये म्हणून वायरमन ती लोखंडी नळीतून खाली उतरवतो. गोम इथेच आहे.

क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेभोवती नुसता जबडा धरून प्रवाह मोजणारं यंत्र, वापरणाऱ्याला हे पटकन कळेल. त्या मीटरच्या जबड्यात फेज आणि न्यूट्रल एकत्र धरले की आकडा शून्य येतो. जाणारा आणि परतणारा प्रवाह सारखाच, दिशा उलट, त्यामुळे दोघांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडतात. एकच तार धरली की आकडा दिसतो. अर्थच्या तारेला असा जोडीदारच नसतो. तिच्याभोवतीची लोखंडी नळी मग त्या जबड्यासारखीच वागते: चुंबकीय क्षेत्र लोखंडात एकवटतं, आणि प्रवाह बदलला की त्याला अडवणारा दाब (व्होल्टेज) तारेतच तयार होतो. कॉइलमध्ये लोखंडी गाभा घातल्यावर होतं तेच. या धंद्यात त्याला चोक म्हणतात.

ढोबळ हिशेब करून बघू. मोकळ्या तारेचा इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला अडवण्याचा गुण, मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री, म्हणजे ३ मीटरला ३. तीच तार २० मिलिमीटर पोकळीच्या, अडीच मिलिमीटर जाडीच्या नळीत घातली आणि पोलादाची चुंबकीय पारगम्यता (क्षेत्र एकवटण्याची क्षमता) हवेच्या ५०० पट धरली, तर आकडा ६५ च्या पुढे जातो. ५० हर्ट्झला हा विरोध २० मिलिओहमच्या आसपास भरतो; १६ चौरस मिलिमीटरच्या तेवढ्याच तांब्याचा रोध साडेतीन मिलिओहम. पण खरं सांगायचं तर, इलेक्ट्रोडभोवतीच्या मातीचा रोध कित्येक ओहम असतो. त्यापुढे हे मिलिओहम किस झाड की पत्ती.

खरी परीक्षा वीज पडते तेव्हा. प्रवाह एका मायक्रोसेकंदात १० हजार अँपिअरने चढला, तर ३ मीटर मोकळ्या तारेवरही ३० हजार व्होल्ट उभे राहतात. इतक्या झपाट्याने पोलाद पुरतं चुंबकित होत नाही, त्यामुळे वरची वीसपट इथे जशीच्या तशी लागू होत नाही. तरी टोकं मोकळी सोडलेल्या नळीमुळे हा दाब वाढतोच, आणि तार व नळीच्या तोंडाच्या मध्ये ठिणगी उडू शकते.

उपाय मात्र अगदी साधा: नळी दोन्ही टोकांना तारेशी जोडायची. वर जंपर (जोडणारा तारेचा तुकडा) असलेलं बुशिंग, म्हणजे नळीच्या तोंडावरची कडी, खाली क्लॅम्प. मग नळी स्वतःच वाहक होते आणि बहुतेक प्रवाह तिच्यावरूनच जातो. आतलं महागडं तांबं जवळजवळ रिकामं बसतं! अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये कलम २५०.६४(ई) नेमकं हेच सांगतं, आणि जंपर आतल्या तारेपेक्षा बारीक चालत नाही. एकच टोक जोडणं ही नेहमीची चूक: नळी अर्थ झालेली दिसते, पण प्रवाहाला तिच्यावरून पुढे जायला वाट नसते. पीव्हीसी किंवा ॲल्युमिनियमच्या नळीत हा चोक होत नाही, कारण ती चुंबकित होत नाहीत.

मग नळी न वापरता तार थेट पेटीच्या पत्र्यातल्या भोकातून घेतली तर? तो पत्राही चोक होतो का, यावर वायरमन मंडळी तावातावाने भांडतात. भोवतीचं लोखंड इथे जेमतेम दीड मिलिमीटर. त्याच पद्धतीने हिशेब केला तर इंडक्टन्स वाढतो तो मोकळी तार वीत-दोन वीत लांबवल्याइतका. मला ही भीती फाजील वाटते; पॅनेलच्या आतली तारेची फालतू गुंडाळी त्याहून जास्त नुकसान करते.

त्या भोकाचा खरा शत्रू पाणी. घराबाहेरच्या पेटीत वरून उतरणारी तार थेंबांना वाटच दाखवते, म्हणून शक्यतो खालून शिरावं, आणि प्लॅस्टिकचा ग्लँड (भोकात तार घट्ट धरणारी रबराची खीळ असलेला भाग) तारेच्या जाडीला नेमका बसणारा घ्यावा. तार उघडी आणि पिळाची असेल तर ग्लँडचं रबर बाहेरून कितीही घट्ट आवळा, धाग्यांच्या मधल्या फटींतून ओल आत झिरपतेच. अशा ठिकाणी सरळ भरीव तार घ्यावी.