घाटाचा गिअर: ३९ पासून ३४/३४ पर्यंत

सिंहगडावर किंवा बोपदेव घाटात नेमाने जाणाऱ्या सायकलस्वारांमध्ये एक समज पक्का बसलेला आहे. सुरुवातीला मागे ३४ दातांची कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा, म्हणजे स्प्रॉकेटचा, संच; ३४ हे त्यातल्या सर्वांत मोठ्याचे दात) ठीक, पण दम वाढला, पाय तयार झाले की ती उतरवून २८ ची लावायची आणि पुढे जमलं तर २५ ची. मोठा स्प्रॉकेट, म्हणजे चढाला हलका गिअर, ही नवशिक्याची खूण मानली जाते आणि तो काढला की माणूस वरच्या इयत्तेत गेला असं धरतात. शरीराच्या अभ्यासातून हा समज आलेला नाही. शर्यतीच्या नियमांतून, क्रँकच्या (पेडल ज्याला जोडलेलं असतं त्या दांड्याच्या) बोल्टांमधल्या अंतरातून आणि २००० नंतरच्या दशकात सायकल कंपन्यांनी घेतलेल्या एका निर्णयातून तो तयार झाला आहे.

जुना काळ थोडक्यात पाहू. टूर द फ्रान्स १९१० मध्ये पहिल्यांदा पिरेनीजच्या उंच खिंडींत शिरली. २,११५ मीटर उंचीची तूर्माले त्यांतलीच. डिरेलरला, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेला, मात्र त्या शर्यतीत परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये. त्याआधी स्वार चढाच्या पायथ्याशी थांबायचे, मागचं चाक काढून उलटं बसवायचे आणि मग चढायला लागायचे, कारण चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दातांचे स्प्रॉकेट असत. शर्यतीच्या संस्थापकाचं जाहीर मत होतं की बदलते गिअर हे पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी आहेत. त्याच देशात, सेंत-एत्येनच्या आसपास, शर्यत न करता डोंगरांत लांब भटकणाऱ्या सायकलस्वारांनी गिअर केव्हाच आपलेसे केले होते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांच्या सायकलींवर पुढे, पेडलपाशी, ४६ आणि ३० दातांच्या चेनरिंग (चेन ओढणाऱ्या दातेरी चकत्या) ही नेहमीची जोडी झाली होती. दुकानातली रोड बाइक मात्र शर्यतवाल्यांची नक्कल करत राहिली. आपल्याकडेही मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' हा किताब मिळतो. घाटातला मान कशात आहे, हे इथेही शर्यतीनेच ठरवलं.

पुढची लहान चेनरिंग किती लहान असावी हा प्रश्न बराच काळ पायांच्या ताकदीवर ठरलाच नाही. तो धातूवर ठरला. चेनरिंग क्रँकला ज्या बोल्टांनी जोडतात ते बोल्ट एका वर्तुळावर असतात. इटालियन क्रँकवर या वर्तुळाचा व्यास १४४ मिलिमीटर होता तेव्हा ४१ हून कमी दातांची चेनरिंग बसतच नसे. पुढच्या दोन चेनरिंगची ५२/४२ ही जोडी तिथून आली. पुढे जपानी क्रँकवर १३० मिलिमीटर आलं आणि मर्यादा ३८ वर उतरली. ५३/३९ ही जोडी त्यातून रूढ झाली आणि नव्वदच्या दशकात तिलाच 'स्टँडर्ड' म्हणू लागले. ११० मिलिमीटरचं वर्तुळ असलेले, ३४ दात घेऊ शकणारे क्रँक तेव्हाही बाजारात होते, पण ते टुरिंग सायकलींवर. रोड बाइक घ्यायला गेलेल्या माणसासमोर बहुतेक वेळा ३९/२५ (पुढे ३९ दात, मागे २५) हाच सगळ्यात हलका गिअर यायचा.

तो किती जड आहे ते आकड्यांत बघा. स्वार, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून ८० किलो धरू. १० टक्के चढावर ताशी ८ किलोमीटरने जायला साधारण १८५ वॅट लागतात. ३९/२५ वर पेडलच्या एका फेरीत सायकल ३.२८ मीटर पुढे जाते, म्हणजे या वेगाला केडन्स (पेडलच्या फेऱ्या) पडतो मिनिटाला ४१. नेहमीच्या लांबीच्या क्रँकवर पेडलवर सरासरी २६ किलोचा दाब सतत ठेवावा लागतो. तोच वेग, तेच वॅट, पण गिअर ३४/३४ असेल तर केडन्स ६३ आणि दाब १७ किलो. फुप्फुसांचं काम दोन्हीकडे सारखंच आहे. फरक पडतो तो मांड्यांना आणि गुडघ्यांना. ३९ च्या काळात घाटात सीटवरून उठून सायकल डावी-उजवी हलवत चढणारे जे सगळीकडे दिसायचे, त्यांतल्या बहुतेकांकडे बसून पेडल मारण्याजोगा गिअरच नव्हता.

यावर उपाय होता आणि तो चांगला होता: तिसरी चेनरिंग. ५२/४२/३० आणि नंतर ५३/३९/३० किंवा ५०/३९/३० असे तिहेरी क्रँक रोड बाइकवर मिळत होते. अगदी शिमानो या जपानी कंपनीच्या सुट्या भागांच्या सर्वांत वरच्या श्रेणीतही मिळत होते. मधल्या ३९ वर दिवसभर चालवायचं, मोठी उतारासाठी, आणि खरा चढ आला की ३० वर उतरायचं. चढ-सपाटी-चढ असा येणारा रस्ता, जसा ताम्हिणीचा, मधल्या चेनरिंगवर किती सुखाचा होतो हे ज्यांनी ती वापरली आहे त्यांना सांगावं लागत नाही.

मग २००३ च्या आसपासपासून ५०/३४ ची कॉम्पॅक्ट जोडी जोरात आली आणि दहाएक वर्षांत तिहेरी क्रँक वरच्या श्रेणींतून गेला. जपानी कंपनीने सर्वांत वरच्या श्रेणीतून तो २००८-०९ च्या आवृत्तीत काढला, दुसऱ्या श्रेणीतून २०१३ मध्ये, तिसऱ्यातून २०१४ मध्ये. या निर्णयाची बाजू नीट ऐकण्यासारखी आहे. तीन चेनरिंगसाठी बॉटम ब्रॅकेटचा (क्रँक ज्यावर फिरतो त्या बेअरिंगचा) अॅक्सल लांब लागतो, त्यामुळे दोन पेडलांमधलं अंतर वाढतं. पुढचा डिरेलर जुळवणं किचकट होतं, मागच्या डिरेलरला लांब केज (चेनचा ढिलेपणा ओढून धरणारी चौकट) लागतो, थोडं वजनही वाढतं. शिवाय बरेच गिअर दुबार येतात. आणि सगळ्यात हुकमी मुद्दा गुणोत्तराचा (पुढचे दात भागिले मागचे; आकडा लहान तितका गिअर हलका): ३०/२५ म्हणजे १.२०, ३४/२८ म्हणजे १.२१. जवळजवळ तोच गिअर एक चेनरिंग कमी करून मिळतो, मग तिसरी हवी कशाला?

कागदावर हे बरोबर आहे, पण ही तुलना सरळ नव्हती. तिहेरी क्रँकच्या हिशेबात मागे २५ धरला होता आणि कॉम्पॅक्टच्या हिशेबात २८. त्या काळच्या जपानी छोट्या केजच्या डिरेलरला अधिकृत मर्यादा होती २७ दातांची. एकच १२-२७ कॅसेट (सर्वांत लहान स्प्रॉकेट १२ दातांचा, सर्वांत मोठा २७) दोन्हीकडे लावली तर तिहेरीवर १.११ मिळतं आणि कॉम्पॅक्टवर १.२६. म्हणजे त्याच सायकलीचा शेवटचा गिअर १३ टक्क्यांनी जड झाला. ज्याच्या पायात आधीच राखीव ताकद नाही त्याच्यासाठी १३ टक्के म्हणजे चढत राहणं आणि उतरून ढकलणं यांतलं अंतर आहे. पुढे मोठी कॅसेट येऊन ही तूट भरली गेली हे खरं, पण ती २०१० नंतर. मधल्या सहा-सात वर्षांत ज्यांनी कॉम्पॅक्टवाली सायकल घेतली त्यांना तिहेरीइतकाच हलका गिअर मिळेल असं सांगितलं गेलं आणि तो मिळाला नाही. मधली चेनरिंगही गेली. ५० वरून ३४ वर एकदम १६ दातांची उडी पडते, पाय रिकामे फिरतात, आणि लय सांभाळायला लगोलग मागे दोन-तीन गिअर बदलावे लागतात. घाटाच्या पहिल्याच वळणावर चेन पडण्याचे प्रकार याच उडीने वाढवले.

माझ्या मते या निर्णयाचा सर्वांत टिकाऊ परिणाम मनांवर झाला. वरच्या तीन श्रेणींतून तिसरी चेनरिंग गेली, पण खालच्या श्रेणींत २०१५ ते २०१७ दरम्यान आलेल्या नव्या आवृत्त्यांतही ती होती. महाराष्ट्रात रोड बाइक घेणाऱ्यांची संख्या वाढत होती ती नेमकी या वर्षांत. त्यामुळे इथे जे दिसलं ते असं: स्वस्त सायकलवर हलका गिअर, महागड्या सायकलवर जड. पैशाची पायरी आणि ताकदीची पायरी एकमेकींत मिसळली. हलका गिअर ही शिकाऊ सायकलची गोष्ट ठरली आणि 'अपग्रेड' केलं की तो जाणारच, हे गृहीत धरलं गेलं.

गंमत म्हणजे व्यावसायिक स्वार नेमके याच काळात उलट्या दिशेने निघाले होते. स्पेनच्या शर्यतीत आंग्लिरू १९९९ मध्ये आला: १२.५ किलोमीटरचा चढ, सर्वांत तीव्र तुकडा २३.५ टक्क्यांचा. इटलीच्या शर्यतीत झोंकोलान २००३ मध्ये आला. सायकलसकट ६८ किलोच्या, ४०० वॅट देणाऱ्या स्वारालाही २० टक्के चढावर ताशी १०.७ किलोमीटरच गाठता येतात. ३९/२५ वर त्याचा केडन्स ५५ च्या आत राहील, ३४/३२ वर तो ८० होतो. २०१० मध्ये एका अमेरिकी कंपनीने रोड बाइकसाठी ११-३२ ची कॅसेट आणली, आणि नंतरच्या काही वर्षांत अशा चढांच्या दिवशी संघांच्या सायकलींवर ३२ दिसायला लागला. २०१३ मध्ये जपानी कंपनीच्या दुसऱ्या श्रेणीत चार भुजांचा क्रँक आला, ज्यावर ५३/३९, ५२/३६ आणि ५०/३४ तिन्ही जोड्या बसतात. बोल्टांच्या वर्तुळाने घातलेलं बंधन तिथे संपलं. २०१७ मध्ये त्याच श्रेणीला ११-३४ मिळाली, म्हणजे रोड बाइकवर १:१ चा गिअर. २०१९ मध्ये ग्रॅव्हल (कच्च्या रस्त्यांच्या) सायकलींसाठी ४८/३१ आणि ४६/३० आले. ही दुसरी जोडी फ्रेंच भटक्यांचीच आहे. अमेरिकी कंपनीने त्याच वर्षी १० दातांपासून सुरू होणाऱ्या कॅसेटबरोबर ४६/३३ दिलं, आणि २०२१ मध्ये जपानी कंपनीच्या सर्वांत वरच्या श्रेणीतही ३४ दातांचा स्प्रॉकेट आला. एकेकाळी नवशिक्याचा समजला गेलेला गिअर आज सर्वांत महाग सायकलीवर कारखान्यातूनच येतो.

आता फिटनेसकडे येऊ. वर धरलेला ८० किलोचा स्वार सहा-आठ महिने मन लावून सराव करतो आणि त्याच १० टक्के चढावर १८५ ऐवजी २३३ वॅट टिकवू लागतो. ही लहान सुधारणा नाही. त्याचा वेग ताशी १० किलोमीटर होईल. ३९/२५ वर केडन्स ५१, ३४/२८ वर ६५, ३४/३४ वर ७९. एवढ्या प्रगतीनंतर ३४/३४ हा गिअर त्याच्यासाठी फालतू झालेला नाही. उलट आत्ता कुठे त्या गिअरवर त्याला बसून, श्वास सांभाळून, नैसर्गिक लयीत चढता येतं. आधी तो गिअर त्याला फक्त सायकलवर टिकवून ठेवत होता. आणि फिट झालेला माणूस तेवढ्याच घाटावर थांबत नाही. तो वरंधा जोडतो, पसरणी जोडतो, ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब सायकलफेरीला) नाव देतो. तिथे शेवटचा चढ येतो तेव्हा पायात २३३ वॅट उरलेले नसतात, १५० असतात.

मग फिटनेस वाढल्यावर कॅसेट बदलायचं खरं कारण आहे का? आहे, पण ते सपाटीवर आहे. अकरा गिअरच्या ११-३४ मध्ये दात असे येतात: ११, १३, १५, १७, १९, २१, २३, २५, २७, ३०, ३४. पुढे ५० आणि केडन्स ९० धरला तर १७ वर ताशी ३३.५ आणि १५ वर ताशी ३८ किलोमीटर पडतात. मधलं काही नाही. एकटा, ताशी २५ ने जाणाऱ्याला ही पोकळी जाणवतही नाही. गटात ३५ च्या वेगाने चालवणाऱ्याला ती क्षणोक्षणी टोचते, कारण एक गिअर जड पडतो आणि दुसरा पळतो. ११-२८ घेतली तर ११ ते १५ सलग मिळतात, पण १६ तिच्यातही नाही. त्यासाठी ११-२५ किंवा १२-२५ वर यावं लागतं. बारा गिअरच्या कॅसेटमध्ये हा ताण बराच कमी झाला आहे.

ज्यांचे शनिवार-रविवार घाटात आणि बाकीचे दिवस सपाटीवर गटात जातात, त्यांनी घाटाचा गिअर टाकून देण्याऐवजी दोन कॅसेट ठेवणं जास्त शहाणपणाचं. त्यासाठी मागचा डिरेलर लांब केजचा हवा, कारण छोट्या केजवर ३४ चढत नाही, आणि चेनची लांबी मोठ्या कॅसेटच्या मापाने कापलेली हवी. चार भुजांचा क्रँक असेल तर तिसराही मार्ग आहे: मागे ३४ तसाच ठेवून पुढे ५०/३४ च्या जागी ५२/३६ लावायचं. मग शेवटचा गिअर १.०६ होतो. आधीच्या पिढीला ३४/३२ वर जे मिळत होतं तेच हे.