समुद्रात मुरणारी उष्णता आणि आंतरराष्ट्रीय न्यायालये

गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते ती अरबी समुद्रापासून जेमतेम ८० किलोमीटर अंतरावर, पण त्या समुद्राकडे न जाता ती सुमारे १,४६५ किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. त्यामुळे नाशिककरांना समुद्र दूरचा वाटतो. प्रत्यक्षात गंगापूर धरण भरणाऱ्या पावसाचे बाष्प मोसमी वारे अरबी समुद्रावरूनच आणतात, आणि जून २०२० मध्ये रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाचा पाऊस नाशिकपर्यंत पोहोचला होता. म्हणूनच, समुद्राविषयी जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात जे ठरले, ते निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदारानेही समजून घ्यावे, असे मला वाटते.

हॅम्बुर्गमध्ये आंतरराष्ट्रीय सागरी कायदा न्यायाधिकरण आहे. अँटिग्वा व बार्बुडा आणि तुवालू यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या लहान बेटराष्ट्रांच्या आयोगाने त्याला सल्ला विचारला होता: हवामानबदलापासून समुद्राचे रक्षण करण्यासाठी राष्ट्रांवर नेमकी कोणती कर्तव्ये आहेत? २१ मे २०२४ रोजी न्यायाधिकरणाने उत्तर दिले की, मानवाने वातावरणात सोडलेले हरितगृह वायू हे कायद्याच्या दृष्टीने सागरी प्रदूषणच आहे.

याचा आधार १९८२ च्या संयुक्त राष्ट्र सागरी कायदा करारात आहे. मानवाने प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे सागरी पर्यावरणात ‘पदार्थ किंवा ऊर्जा’ सोडली आणि त्यातून हानी झाली, किंवा होण्याचा संभव असला, तर ते प्रदूषण, अशी त्या करारातील व्याख्या आहे. तेलगळती आणि कारखान्यांचे सांडपाणी डोळ्यांसमोर असलेल्या काळात लिहिलेली ही व्याख्या आजच्या विज्ञानाशी विलक्षण अचूक जुळते. मानव उत्सर्जित करत असलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे एक चतुर्थांश वायू समुद्र शोषून घेतो. पाण्यात विरघळून त्याचे कार्बनिक आम्ल होते, हायड्रोजनचे आयन वाढतात आणि शिंपले व प्रवाळ ज्यापासून आपले कवच बांधतात ते कार्बोनेटचे आयन कमी पडू लागतात. औद्योगिकीकरणापूर्वीच्या काळापासून समुद्रपृष्ठाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; तो जितका कमी, तितकी आम्लता जास्त) सरासरी ८.२ वरून ८.१ च्या आसपास उतरला आहे. हा फरक किरकोळ दिसतो, परंतु सामूचे मापन लघुगणकीय, म्हणजे एका अंकाच्या फरकाला दहापट बदल दाखवणारे, असल्याने प्रत्यक्षात हायड्रोजन आयनांचे प्रमाण एक चतुर्थांशाहून अधिक वाढले आहे. हा झाला पदार्थ. ऊर्जेचे म्हणाल, तर हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर अडकून राहिलेल्या अतिरिक्त उष्णतेपैकी सुमारे ९० टक्के उष्णता समुद्रात मुरली आहे.

केवळ हवामानबदलावरील पॅरिस कराराचे पालन केले म्हणजे सागरी कायद्यातील कर्तव्य आपोआप पूर्ण होत नाही, असेही न्यायाधिकरणाने स्पष्ट केले. राष्ट्रांनी उत्तम उपलब्ध विज्ञानाच्या आधारे कठोर दक्षता बाळगली पाहिजे. मात्र ती ठरवताना प्रत्येक राष्ट्राची कुवत आणि साधने विचारात घेतली जातील.

पुढे २३ जुलै २०२५ रोजी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने याहून व्यापक सल्लागार मत एकमताने दिले. पॅसिफिकमधील विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेली आणि वानुआतूने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत नेलेली ही मागणी होती. पर्यावरणाची गंभीर हानी टाळण्याचे कर्तव्य रूढ आंतरराष्ट्रीय कायद्यातूनही, म्हणजे राष्ट्रांच्या सर्वमान्य प्रथेतून बनलेल्या कायद्यातूनही, येते, त्यामुळे हवामान करारांत सहभागी नसलेली राष्ट्रेही त्याला बांधील आहेत, असे न्यायालयाने म्हटले. समुद्रपातळी वाढून किनारा मागे हटला, तरी एकदा रीतसर निश्चित केलेल्या सागरी सीमा बदलण्याची सक्ती राष्ट्रांवर नाही, हा निष्कर्ष बेटराष्ट्रांसाठी फार मोलाचा आहे.

हेगमधील सुनावणीत भारतानेही बाजू मांडली. ऐतिहासिक उत्सर्जनाचा मोठा वाटा विकसित देशांचा आहे आणि विद्यमान हवामान करारांपलीकडे नव्या जबाबदाऱ्या निर्माण करू नयेत, अशी भारताची भूमिका होती. पहिला मुद्दा मला पूर्णपणे न्याय्य वाटतो. दुसऱ्याबाबत मात्र मी साशंक आहे, कारण तापणाऱ्या अरबी समुद्राची झळ कोकणच्या मच्छीमारालाही बसते आणि आपल्या शेतकऱ्यालाही.

ही मते सल्लागार स्वरूपाची असल्याने बंधनकारक नाहीत, आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा फक्त राष्ट्रच दाखल करू शकते. नाशिकचा नागरिक तेथे जाऊ शकत नाही. पण देशांतर्गत न्यायालयांत अशा मतांचा आधार घेता येतो. माळढोक पक्ष्याच्या संरक्षणाशी संबंधित प्रकरणात २०२४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ आणि २१ मधून निघतो, असे मान्य केले आहे.