मानपत्र आणि गल्ला

समाजासाठी झटणाऱ्या स्थानिक माणसांचा सत्कार आणि छोट्या व्यावसायिकांना पाठबळ, या दोन गोष्टी आज एकाच मंचावर, एकाच कार्यक्रमपत्रिकेत दिसतात. त्या पहिल्यापासून अशा शेजारी बसलेल्या नव्हत्या. कित्येक शतकं किरकोळ व्यापार करणाऱ्याला मानाच्या यादीत जागाच नव्हती.

जाहीर सन्मानाची रीत मात्र जुनी आहे. प्राचीन ग्रीक नगरांत टंचाईत धान्य मिळवून देणाऱ्या किंवा तटबंदीची दुरुस्ती करणाऱ्या माणसाच्या गौरवाचा ठराव होई आणि तो दगडावर कोरला जाई. त्याला मुकुट, नाट्यगृहात पुढची जागा, कधी पुतळा मिळे. अशा ठरावांत बहुतेकदा एक वाक्य ठरलेलं असे: नगर उपकार विसरत नाही हे इतरांनाही कळावं आणि त्यांनीही पुढे यावं. म्हणजे ते मानपत्र जितकं आभाराचं, तितकंच पुढच्या दात्याला आवतण होतं. लॅटिनमध्ये तर मान आणि सार्वजनिक पद या दोन्हींना ‘होनोर’ हा एकच शब्द होता. रोमन साम्राज्यातल्या अनेक नगरांत निवडून आलेल्या माणसाला पदापोटी ठरावीक रक्कम नगराच्या तिजोरीत भरावी लागे. मान फुकट मिळत नसे.

आणि तो दुकानदाराला तर मिळतच नसे. रोमन वक्ता आणि विचारवंत सिसेरोने इ.स.पू. 44 मध्ये लिहून ठेवलं आहे की छोटा व्यापार हीन, पण तोच मोठ्या प्रमाणावर केला तर फारसा निंद्य नाही. कामाची प्रतिष्ठा त्याच्या आकारावरून ठरवणारं हे मत मला आजही खटकतं, कारण ते अजून पुरतं मेलेलं नाही. जवळपास त्याच काळात रोममध्ये युरिसाकेस नावाच्या पाववाल्याने स्वतःची भव्य समाधी बांधून घेतली. ती अजून उभी आहे. तिच्यावर युद्धं नाहीत, देव नाहीत. कणीक मळणारे, भट्टीत पाव सारणारे, वजन करणारे लोक आहेत. जो मान त्याच्या धंद्याला कोणी देत नव्हतं, तो त्याने दगडात कोरून घेतला.

मध्ययुगात कारागीर आणि व्यापारी संघांनी हे चित्र पालटलं. फ्लॉरेन्समध्ये 1293 च्या कायद्यांनंतर नगराच्या कारभारात पद हवं असेल तर एखाद्या संघाचं सदस्य असणं गरजेचं झालं. कवी दांतेनेही त्यासाठी वैद्य आणि औषधविक्रेत्यांच्या संघात नाव घातलं. पण या संघांची दारं अरुंद होती. उपऱ्यांना, स्त्रियांना, नव्याने धंदा करू पाहणाऱ्यांना तिथे सहसा शिरकाव नसे. 1791 मध्ये फ्रान्सने संघ मोडीत काढले, पुढे इतर देशांतही ते गेले, आणि छोटा कारागीर मोकळा झाला तसाच एकटाही पडला.

त्या एकटेपणावरचं उत्तर माझ्या मते या इतिहासातलं सर्वांत मोलाचं पान आहे. फ्रीडरिष विल्हेल्म रायफायझेन 1845 मध्ये जर्मनीतल्या वायरबुश या खेड्याचा महापौर झाला. पुढच्याच वर्षी पीक बुडालं. 1846-47 च्या हिवाळ्यात त्याने सधन लोकांकडून निधी उभा केला, धान्य आणलं, भट्टी बांधली आणि भुकेल्यांना पाव दिला. तेव्हा तो करत होता ते दानच होतं. पण दान श्रीमंतांच्या मर्जीवर चालतं, ती ओसरली की संपतं, हे त्याला अनुभवाने कळलं. जर्मनीतच हेरमान शुल्झे-डेलिच यांनी 1850 मध्ये कारागिरांसाठी पतसंस्था काढली होती. रायफायझेनने 1864 मध्ये हेडेसडॉर्फ इथे कर्जसंस्था स्थापली, तीत कर्ज घेणारेच सभासद होते आणि एकमेकांना जामीन होते. ज्याच्याकडे तारण ठेवायला काही नाही, त्याची पत शेजाऱ्यांनी उभी केली. संस्थेचा कारभार पाहणाऱ्यांनी मोबदला घ्यायचा नाही, पगार फक्त हिशेबनिसाला, हा त्याचा दंडक. ‘मानद’ या शब्दाला इथे खरा अर्थ मिळाला.

अमेरिकेत सुरुवात वेगळ्या जागी झाली. 23 फेब्रुवारी 1905 रोजी शिकागोत चार जण भेटले: वकील पॉल हॅरिस, एक खाण अभियंता, एक कोळशाचा व्यापारी आणि एक शिंपी. आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत भेटायचं म्हणून नाव रोटरी. आधी हेतू परस्परांना गिऱ्हाईक मिळवून देण्याचाच होता. पण काही वर्षांतच क्लबने शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावं म्हणून पुढाकार घेतला. कोळसावाला आणि शिंपी आता नगराच्या प्रश्नात बोलू लागले होते.

1920 नंतर तिथे साखळी दुकानं झपाट्याने पसरली. अनेक राज्यांनी त्यांच्यावर खास कर लावले, 1936 मध्ये बड्या खरेदीदारांच्या खास सवलतींना आवर घालणारा रॉबिन्सन-पॅटमन कायदा आला, 1953 मध्ये लघुउद्योगांसाठी स्वतंत्र सरकारी संस्था निघाली आणि 1963 पासून लघुउद्योग सप्ताह सुरू झाला. 2010 मध्ये अमेरिकन एक्स्प्रेस या कार्ड कंपनीने नोव्हेंबरातला एक शनिवार छोट्या दुकानांच्या नावे केला. संयुक्त राष्ट्रांनी 2017 मध्ये 27 जून हा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा दिवस ठरवला.

या साऱ्या दिवसांहून मला 1946 चा एक अहवाल महत्त्वाचा वाटतो. समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स आणि अर्थतज्ज्ञ मेलव्हिल उल्मर यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीसाठी शहरांच्या तीन जोड्या तपासल्या. प्रत्येक जोडीत एका शहराचा संसार अनेक छोट्या धंद्यांवर, तर दुसऱ्याचा मोजक्या बड्या कंपन्यांवर चाललेला. नागरी जीवन छोट्या धंद्यांच्या शहरांत सरस आढळलं. तिथल्या सार्वजनिक कामांत पुढाकार घेणारे होते ते तिथेच राहणारे, स्वतःचा धंदा असणारे लोक. दुसऱ्या शहरांत कंपनीचा अधिकारी हुशार असला, तरी निर्णयासाठी त्याला दूरच्या मालकांच्या तोंडाकडे पाहावं लागे.