तळ्याचं दुखणं गाळात सापडतं

छत्रपती संभाजीनगरचं सलीम अली सरोवर असो, हर्सूलचा तलाव असो की जालन्याचा मोतीतलाव, शहरातल्या तळ्याबद्दल बोलणं होतं ते पाण्याच्या रंगावर, वासावर आणि जलपर्णीवर. पण पाणी एका मोठ्या पावसात बदलतं. तळाशी राहणारे, पाठीचा कणा नसलेले जीव मात्र महिनोन्‌महिने हलत नाहीत, म्हणून त्यांच्यावरून मागचा सगळा हिशेब लागतो.

चांगल्या काठावर चतुर-टाचणी आणि मेफ्लाय या उडत्या कीटकांची पाण्यात वाढणारी पिल्लं, गोगलगायी, जळवा, शिंपले असे अनेक प्रकार भेटतात. नाल्याचं सांडपाणी आलं की ते कुजवणारे जिवाणू तळाचा ऑक्सिजन संपवतात. कल्ल्यांनी श्वास घेणारे नाजूक जीव आधी जातात. उरतात कायरोनोमस माशीच्या लाल अळ्या आणि ट्यूबिफेक्स नावाचे बारीक गांडुळासारखे किडे. अळीचा लाल रंग हिमोग्लोबिनचा. त्यामुळे तुटपुंज्या ऑक्सिजनवरही तिचं भागतं. ट्यूबिफेक्स डोकं गाळात खुपसून शेपटी पाण्यात हलवत राहतो. शत्रू आणि वाटेकरी दोन्ही कमी झाल्यानं यांची संख्या प्रचंड वाढते. इथेच फसगत होते: गाळ वळवळतोय म्हणजे तळं जिवंत आहे, असं वाटतं.

म्हणून नुसती संख्या न पाहता विविधता मोजणारा शॅनन निर्देशांक काढतात; आकडा मोठा तर विविधता जास्त. प्रत्येक प्रकाराचा एकूणातला वाटा गुणिले त्या वाट्याचा नैसर्गिक लॉगरिदम, सगळ्यांची बेरीज करून चिन्ह उलटं. 100 जीवांत 4 प्रकार, प्रत्येकी 25 असतील तर उत्तर 1.39 येतं. तेच 4 प्रकार 97, 1, 1, 1 असे असतील तर फक्त 0.17.

नमुना एकमन ग्रॅबनं, म्हणजे तळाचा गाळ पकडून वर आणणाऱ्या पेटीनं घेतात. त्याचं तोंड 15 बाय 15 सेंमी, म्हणून मोजणीला 44.4 नं गुणलं की चौरस मीटरचा आकडा मिळतो. नाल्याच्या तोंडाशी, वनस्पती असलेल्या काठाशी आणि मध्यभागी प्रत्येकी तीनदा तरी गाळ उचलावा आणि 0.5 मिमीच्या चाळणीत धुवावा. आपली काळी माती चिकट. ढेकळं बोटांनी चोळली की किडे तुटतात. चाळणी पाण्यात बुडवून हलवत राहावं, आणि तुकडे झालेच तर फक्त डोकी मोजावीत. पांढऱ्या ट्रेमध्ये जिवंतपणीच निवडलं तर हालचालीमुळे बारीक जीवही दिसतात. मग 70 टक्के अल्कोहोल. मराठवाड्यात मे महिन्यात तळी आटतात आणि त्यानंही प्रकार घटतात. मेचा नमुना डिसेंबरशी ताडून दोष सांडपाण्यावर टाकू नये.

शिंपल्यांची संख्या पुरेशी नाही, आकारही मोजायला हवेत. लॅमेलिडेन्स शिंपल्याची पिल्लं सुरुवातीला माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढतात. मासे मेले की नवी पिढी थांबते, पण जुने शिंपले पुढे कित्येक वर्षं तग धरतात. नुसतेच मोठे शिंपले सापडणं हे वाईट लक्षण.

पीओपीच्या मूर्तींचा थर तळ झाकून टाकतो. पण सुशोभीकरणाच्या नावाखाली बांधली जाणारी काँक्रीटची उभी भिंत त्याहून घातक, कारण सर्वाधिक प्रकार उथळ काठावरच राहतात आणि बऱ्याच टाचण्या पाणवनस्पतींच्या देठातच अंडी घालतात. गाळ काढतानाही जेसीबी एका उन्हाळ्यात अख्खा तळ खरवडतो. निम्मं तळं यंदा, निम्मं पुढच्या वर्षी घ्यावं, आणि वनस्पतींचा काठ दोन्ही वेळा सोडावा; राहिलेल्या भागातले जीव मोकळ्या तळावर पुन्हा पसरतात.